चांदीची पेस्ट आणि अडीच कोटी दिवे

गणेशोत्सवात मांडवाशेजारी किंवा लग्नाच्या लॉनवर जी एलईडी वॉल उभी राहते, ती एकदा मागच्या बाजूने पाहावी. पाचशे मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी कॅबिनेट एकमेकांत अडकवून लॉक केलेल्या असतात. भाड्याच्या वॉलमध्ये 3.91 चा पिच फार चालतो, म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर 3.91 मिलिमीटर. एका कॅबिनेटमध्ये 128 गुणिले 128, म्हणजे 16,384 पिक्सेल बसतात. कुठे काळा ठिपका दिसला की तेवढं मॉड्यूल काढायचं, दुसरं लावायचं, आणि कार्यक्रम पुढे चालू. इथला प्रत्येक दिवा स्वतःच्या प्लास्टिकच्या खोळीत बसून येतो, म्हणून तो यंत्राने उचलता येतो आणि सोल्डरने पक्का करता येतो.

मायक्रो एलईडीत ही खोळच काढून टाकलेली असते. उरते ती स्फटिकाची नुसती चिप, शंभर मायक्रॉनपेक्षा लहान, बहुधा पन्नासपेक्षाही. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात हाँगशिंग जियांग आणि जिंगयू लिन यांनी 2000 च्या सुमारास या कल्पनेला आकार दिला. सोनीने 2012 मध्ये 55 इंची नमुना दाखवला, सॅमसंगने 2018 मध्ये 146 इंची ‘द वॉल’. ऑलेडसारखा गडद काळा रंग, त्याहून जास्त झळाळी, आणि सेंद्रिय पदार्थ नसल्यामुळे झीज कमी. इतके गुण असूनही मोठा मायक्रो एलईडी पडदा आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यापलीकडे फारसा पोचलेला नाही. त्याचं कारण गणितात आहे.

फोर-के पडद्यावर 3,840 गुणिले 2,160 पिक्सेल असतात आणि प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे लागतात. एकूण 2,48,83,200. ताशी 25,000 चिपा ठेवणारं यंत्र एका पडद्यासाठी न थांबता एक्केचाळीस दिवस चालवावं लागेल. बरं, शंभरातल्या 99.99 चिपा नीट बसल्या तरी अडीच हजारांच्या आसपास दिवे बंदच राहतात. ती संख्या पंचवीसवर आणायची तर दहा लाखांत एकच चूक परवडते. भोसरी-चाकणच्या ज्या कारखानदाराने आयुष्यभर मायक्रॉनमध्ये माप घेतलं आहे, त्यालाही हा आकडा घाम फोडेल.

म्हणून चिपा एकेक न उचलता हजारोंनी उचलायच्या पद्धती निघाल्या. त्यातली मला सर्वांत आवडते ती रबरी शिक्क्याची. सिलिकोन रबराचा मऊ शिक्का वेफरवर, म्हणजे चिपा जिच्यावर घडवतात त्या चकतीवर, टेकवायचा आणि झटकन वर घ्यायचा. चिपा त्याला चिकटून येतात. मग तो पडद्याच्या काचेवर टेकवून सावकाश सोलायचा. चिपा काचेवर राहतात. चिकटणं आणि सुटणं दोन्ही एकाच रबराचं, फरक फक्त हाताच्या वेगाचा. अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने ही युक्ती पुढे आणली. लेझरच्या झोताने चिपा खाली सोडण्याची आणि द्रवात वाहवत नेऊन त्यांना खळग्यांत बसवण्याची अशाही पद्धती आहेत. शिक्क्याची अडचण अशी की वेफरच्या एका कोपऱ्यातल्या चिपा दुसऱ्या कोपऱ्यातल्यांपेक्षा दोन-तीन नॅनोमीटरने वेगळा रंग देतात. ओळीने शिक्के मारत गेलं तर पडद्यावर चौकटी उमटतात. त्यामुळे वेफरच्या निरनिराळ्या भागांतल्या चिपा मुद्दाम मिसळाव्या लागतात.

पण चिप जागेवर बसली म्हणजे काम संपलं असं नाही. तिच्यापर्यंत वीज पोचवणारी तार आणि तिला धरून ठेवणारा जोड अजून बाकी असतात. पुण्याचा संबंध येतो तो इथे.

पाषाणच्या बाजूला पंचवटीत सी-मेटची प्रयोगशाळा आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1990 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर अशा तीन शाखा. ही डिस्प्ले बनवणारी संस्था नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सला लागणारे पदार्थ घडवणं हे तिचं काम. पुणे शाखेच्या जुन्या विषयांपैकी एक म्हणजे थिक फिल्म पेस्ट. चांदीची मायक्रॉनभर जाडीची पूड, थोडी काचेची पूड, आणि दोन्हींना धरून ठेवणारं सेंद्रिय द्रावण. हे मिश्रण तीन रुळांच्या गिरणीतून काढतात, म्हणजे गुठळी राहत नाही. मग बारीक पोलादी जाळीवर ओतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढतात. रबराच्या दाबाखाली पेस्ट पातळ होते, जाळीतून उतरते, आणि दाब सुटताच पुन्हा घट्ट होऊन रेघेचा काठ सोडत नाही. सिरॅमिकच्या पट्टीवर छापलेली ही रेघ 850 अंशांच्या भट्टीतून जाते. द्रावण जळून जातं, काच वितळून सिरॅमिकला पकडते, चांदीचे कण एकजीव होतात.

याच शाखेत एलटीसीसीवरही, म्हणजे कमी तापमानात एकत्र भाजायच्या सिरॅमिकवरही, काम झालं आहे. काचमिश्रित सिरॅमिकच्या कच्च्या पट्ट्यांना भोकं पाडायची, ती चांदीच्या पेस्टने भरायची, पट्ट्या एकावर एक दाबायच्या आणि सगळा थर एकदमच भाजायचा. भाजताना तो आक्रसतो, आणि वरच्या भोकाखाली खालचं भोक तंतोतंत यायला हवं असेल तर ते आक्रसणं आधीच मोजून ठेवावं लागतं.

मोठ्या मायक्रो एलईडी पडद्याला नेमकी हीच विद्या लागते. तो एकसंध नसतो, फरश्यांसारख्या तुकड्यांचा असतो. सांधा डोळ्याला दिसू नये म्हणून काठावर वायरिंगला जागाच ठेवता येत नाही. तारा एकतर काचेतल्या भोकांतून मागे न्याव्या लागतात, नाहीतर काचेच्या कडेवरून वळवून. 110 इंची फोर-के पडद्यावर दोन पिक्सेलमध्ये जेमतेम 0.63 मिलिमीटर अंतर असतं; कडेवरच्या तारेला त्याच्याही आत मावायचं असतं.

पुण्याशी दुसरा दुवा रंगाचा. लाल चिप फार लहान केली की तिच्या कडांवरच ऊर्जा वाया जाते आणि उजेड घटतो. यावर एक उपाय असा की सगळ्याच चिपा निळ्या घ्यायच्या आणि वर क्वांटम डॉटचा, म्हणजे अर्धवाहकांच्या नॅनोकणांचा, थर देऊन लाल-हिरवा रंग मिळवायचा. क्वांटम डॉटवरच्या कामासाठी तिघांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या तिघांपैकी अलेक्सी येकिमोव यांना ते प्रथम रंगीत काचेत सापडले होते. पुण्यात सी-मेटनेही काचेत कॅडमियम सल्फाइडचे क्वांटम डॉट वाढवले, पण ते सूर्यप्रकाशात हायड्रोजन मिळवण्यासाठी. पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहकांच्या नॅनोकणांवर अनेक वर्षं काम केलं. हेतू वेगळे असले तरी कण बनवायचे कसे, एका मापाचे ठेवायचे कसे, हे ज्ञान शहरात आहे.

2022 च्या सप्टेंबरमध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. त्या योजनेत डिस्प्लेचा कारखानाही होता. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं. कारखाना हातचा गेल्याचं दुःख मला समजतं. पण कारखाना कुठेही उभा राहिला तरी त्याला पेस्ट, जोडाचा धातू आणि रंगाचा थर लागणारच, आणि ते बनवणाऱ्या माणसांची चर्चा तेव्हा कुणी केली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

अर्थात सी-मेटची जुनी पेस्ट मायक्रो एलईडीच्या पडद्यावर जशीच्या तशी चालणार नाही. पडद्याची काच 850 अंश सोसत नाही; तिच्यावरचे ट्रान्झिस्टर आणि चिपा तर त्याच्या कितीतरी आधी निकामी होतील. म्हणजे दोनशे अंशांच्या आसपासच कण जुळतील इतकी बारीक चांदी हवी. तिने काचेची गुळगुळीत कड धरली पाहिजे, नव्वद अंशांच्या वळणावर तडकता कामा नये, आणि पडदा हजारो वेळा तापून निवला तरी तिचा रोध वाढता कामा नये. शिवाय चांदी दमट हवेत विजेच्या ओढीने शेजारच्या रेघेकडे सरकते, तो धोका वेगळाच.