पडद्यावरचा पदर

चित्रपटात संगणकाने रेखलेला पदर वाऱ्यावर उडतो, तो खरा का भासतो? संगणक कापडाला वजनदार बिंदूंचे जाळे मानतो; बिंदू काल्पनिक स्प्रिंगांनी जोडलेले. उभ्या-आडव्या स्प्रिंगा ताण धरतात, तिरप्या आकार राखतात, एक बिंदू सोडून जोडलेल्या वाकण्याला अडवतात. हिशेबाची पावले मोठी टाकली की जाळे उसळून फाटे. १९९८ साली बॅराफ व विटकिन यांनी मोठ्या पावलांतही ते स्थिर ठेवणारी रीत मांडली.

पण स्प्रिंग किती ताठ ठेवावी? विणलेले कापड उभे-आडवे ओढले तर फारसे ताणत नाही, तिरके ओढले तर सैलावते. मागावरच्या बोटांना हे कधीचेच ठाऊक आहे. यंत्राचे कौतुक करताना त्या बोटांचा वाटा विसरू नये, एवढेच आमचे मागणे.