जुन्या इंजिनाला नवा दम, पण गाडीतल्या माणसाच्या श्वासाचे काय?

जपानच्या निस्सान कंपनीने १९६९च्या अखेरीस ‘फेअरलेडी झेड’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली. अमेरिकेतील व्यवसायाची धुरा सांभाळणारे युताका कातायामा यांना हे नाव तिथल्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरेल असे वाटेना, म्हणून तिथे ती ‘डॅटसन २४०झेड’ झाली. लांब नाकाची, बुटकी, दिसायला युरोपातल्या महागड्या गाड्यांच्या पंक्तीत बसणारी. किंमत मात्र साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. १९७३पर्यंत तिचे दीड लाखांहून अधिक नग बनले. त्यातल्या कित्येक गाड्या आजही हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये आहेत आणि अनेकींच्या बोनेटखाली आता मूळचे इंजिन उरलेले नाही.

मूळ इंजिन २.४ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले, कागदोपत्री सुमारे १५० अश्वशक्तीचे. ‘कागदोपत्री’ म्हणायचे कारण असे की, त्या काळी अमेरिकेत इंजिन पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असा संसार न जोडता मोजत. निस्सानने १९८१ साली ‘२८०झेडएक्स टर्बो’साठी याच घराण्यातले २.८ लिटरचे टर्बो इंजिन आणले. त्याची १८० अश्वशक्ती मात्र सारा संसार जोडून मोजलेली होती, त्यामुळे दोघांतले अंतर आकड्यांत दिसते त्याहून मोठे आहे. हे धाकटे भावंड थोरल्याच्या गाडीत फारशी काटछाट न करता बसते. पुढे हवेचा दाब वाढवत नेला की ताकद मूळच्या दुप्पट होणे अवघड नाही. सोबतीला सतरा इंची अलॉय चाके आली की गाडी नव्या जमान्याची दिसू लागते. हौस म्हणून यात वावगे काही नाही. प्रश्न असतो तो हौसेच्या क्रमाचा: आधी इंजिन, मग चाके, मग जमले तर ब्रेक. खरे तर हा क्रम नेमका उलटा हवा.

इंजिनाची ताकद ते किती पेट्रोल जाळते यावर ठरते आणि किती पेट्रोल जाळता येईल हे आत किती हवा आली यावर. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे आहे. हवा जास्त कोंबणे अवघड. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंट घेतलेली कल्पना या अडचणीवरचाच उपाय होता. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर उष्णतेच्या रूपाने वाया जातो. त्या तापलेल्या धुराच्या झोतात एक छोटे पाते फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची. घरातला मिक्सर मिनिटाला वीस हजारांच्या घरात फेरे घेतो. टर्बोचा दांडा लाखाच्या वर जातो.

पण दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड चटका देते, तोच हा प्रकार. तीस अंश सेल्सियसची हवा दीडपट दाबावर नेली तर साधारण टर्बोतून ती ऐंशीच्या पुढे तापून बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे दाब दीडपट झाला तरी प्रत्यक्षात हवा सव्वापटीच्या थोडीच वर जाते. ही तूट भरून काढायला रेडिएटरपुढे इंटरकूलर बसवतात. १९८१च्या त्या कारखानी इंजिनाला इंटरकूलर नव्हता. हौशी माणूस तो हमखास लावतो आणि मग त्याच्यामागे दडलेल्या जुन्या रेडिएटरला वारा कमी पडतो.

याहून मोठे संकट ‘नॉकिंग’चे. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटलेली गाडी ठकठक करते, तो आवाज अनेकांच्या परिचयाचा असतो. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते, त्याचा तो आवाज. टर्बोवर ही ठकठक काही क्षणांत पिस्टन फोडू शकते. मूळ इंजिनात मिश्रण नऊ पटींच्या आसपास दाबले जाई. निस्सानने टर्बो इंजिनात हे प्रमाण ७.४वर आणले ते याच भीतीने. आणखी एक तोडगा म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त सोडायचे. चौदा-पंधरा भाग हवेऐवजी बाराच्या आतबाहेर. जादा पेट्रोलाची वाफ होताना आतली उष्णता शोषली जाते आणि इंजिन वाचते. मात्र ते पेट्रोल पुरते जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो कुठे जातो, हे पाहण्याआधी चाकांकडे वळायला हवे.

चालकासह अकराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते, तेव्हा तिच्यात सुमारे सव्वाचार लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. १६० वेगाला हाच आकडा अकरा लाखांजवळ जातो. वेग दीडपटीहून थोडा वाढला, ऊर्जा अडीचपटीहून अधिक. थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. २४०झेडला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, तेही मूळ ताकदीच्या हिशेबाने बेतलेले. भरीला ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ दर्जाचे ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळून नळीत वाफ झाली की पेडल दाबले तरी फक्त वाफच दबते.

मोठ्या चाकांचा खरा उपयोग इथे आहे. मूळ रिम चौदा इंची आणि जेमतेम साडेचार इंच रुंद, त्यावर १७५ मिलिमीटरचा टायर. त्याजागी सतरा इंची रिमवर २२५/४५ मापाचा टायर चढवला तर चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच, साडेत्रेसष्ट सेंटिमीटर राहतो. म्हणजे स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, आणि रिमच्या पोटात मोठी डिस्क मावते. सतरा इंची चाके लावून आत जुनेच ब्रेक ठेवणे हा निव्वळ दिखाऊपणा. शिवाय रुंद टायर रस्ता घट्ट धरतो, त्यामुळे वळणावरचा सगळा ताण सस्पेन्शन जिथे बोल्टने जोडलेले असते त्या पत्र्यावर येतो. या गाडीत बॅटरीखालचा पत्रा आणि तळाचे आडवे-उभे रेल गंजण्यासाठी प्रसिद्ध आहेत. गंज रंगाखाली लपतो, ताणाखाली लपत नाही.

टायरचे वयही पाहावे. हौशी गाड्या वर्षाला फार धावत नाहीत, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते. रबर मात्र कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘फास्ट अँड फ्युरिअस’चा अभिनेता पॉल वॉकर २०१३मध्ये कॅलिफोर्नियात ज्या पोर्शेच्या अपघातात गेला, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते. तपासात मुख्य कारण वेग हेच ठरले, ताशी ४५ मैलांच्या हद्दीत ८०हून अधिक. पण टायरच्या वयाने गाडी सावरणे अवघड झाल्याची नोंदही झाली.

आता तो धूर. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना ‘स्मॉग चेक’ या ठराविक काळाने होणाऱ्या चाचणीतून सूट आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २४०झेडला मुळातच नव्हता. त्यात या गाडीची एक जुनी खोड आहे, जी जगभरच्या झेडमालकांना ठाऊक असते: चालत्या गाडीत धुराचा वास येतो. उतरत्या काचेच्या पाठीमागे, शेपटाशी हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घोटाळतो. मागच्या दाराचे रबरी बीडिंग, मागच्या दिव्यांचे गॅस्केट, वायरी आत येतात तिथल्या रबरी चकत्या, हे सगळे पन्नास वर्षांत सुकून तडकलेले असते. वास आला की माणूस खिडकी उघडतो. तसे करण्याने आतला दाब आणखी घटतो आणि मागून धूर जोराने खेचला जाऊ शकतो.

वास येतो तो अर्धवट जळालेल्या पेट्रोलाचा. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे हवेतले अगदी थोडे प्रमाणही तासाभरात रक्तात साठत जाते. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते, निर्णयाला उशीर होतो. चालक म्हणतो, ऊन लागले असेल, जुन्या गाडीचा आवाज सोसला नसेल. हृदयविकार असलेल्यांना आणि गर्भवतींना धोका अधिक. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ‘जरा ट्युनिंग’ करणे तर सरळसरळ जिवावर बेतणारे.

करोनाच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही लालभडक असते आणि साधे ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजन समजते. पडद्यावर ९८ दिसतात आणि माणूस गुदमरत असतो. रुग्णालयात रक्ताची वेगळी तपासणी करूनच हे कळते. मोकळ्या हवेत आल्यावर हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास तास-दीड तास. म्हणून डोके दुखत असताना ‘थोड्या वेळाने बरे वाटेल’ म्हणून पुन्हा स्टिअरिंगवर बसू नये.

भारतात हा खटाटोप कायद्यानेही अडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे फेरफार करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्टही केले. २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मूळ रूप टिकवले असेल तरच. टर्बो बसवलेली झेड वयाने त्यात बसली तरी रूपाने बसणार नाही. इथे जुनी गाडी जपणाऱ्यालाही धुराचा मुद्दा मात्र जशाच्या तसा लागू आहे.

त्याची तपासणी स्वस्त आहे. रात्री गॅरेजचे दिवे मालवून गाडीच्या आत प्रखर बॅटरी लावायची आणि बाहेरून पाहायचे. जिथून उजेड फुटतो, तिथून धूरही आत येणार. कागदाची पट्टी मागच्या दारात धरून दार लावायचे; ती सहज ओढली गेली तर तिथले बीडिंग संपले. टर्बोला जोडणाऱ्या एक्झॉस्टच्या सांध्यांवर काजळीचे काळे ओघळ दिसले तर धूर बोनेटखालीच गळतो आहे, आणि पुढच्या पत्र्यातल्या भोकांतून तो थेट पायांशी येतो. शेवटी डॅशबोर्डवर बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवावा. एका अलॉय चाकाच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ असते.