घराबाहेर न काढणारा वृद्धाश्रम : ‘ऑन लोक’ची गोष्ट
(व्याख्यानाचं शब्दांकन)



आजच्या विषयाच्या नावातच एक अडचण आहे. ‘घराबाहेर न काढणारा वृद्धाश्रम’ हे ऐकून तर्कशास्त्र शिकलेल्यांना ‘माझी माता वंध्या आहे’ हे वदतोव्याघाताचं जुनं उदाहरण आठवेल. वृद्धाश्रम म्हणजे घर सुटलं, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. पण गृहीत धरलेली गोष्ट तपासून पाहणं हाच आमच्या विषयाचा धंदा आहे. तेव्हा हे गृहीतक अर्धशतकापूर्वी एका गावात कसं तपासलं गेलं, ते आज पाहू.

गाव आहे अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. तिथं चायनाटाउन आणि नॉर्थ बीच या दोन वस्त्या एकमेकींना खेटून आहेत. चायनाटाउनमध्ये चिनी माणसं, नॉर्थ बीचमध्ये इटलीहून आलेली कुटुंबं आणि कर्नी रस्त्याच्या बाजूला फिलिपिनो लोकांची छोटी वस्ती. 1970 च्या सुमारास या सगळ्यांची पहिली पिढी म्हातारी झाली होती.

‘मग मुलं बघतील की,’ असं आपल्याला वाटतं. इथं थोडा इतिहास पाहावा लागतो. अमेरिकेनं 1882 साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, तो 1943 पर्यंत टिकला. त्यामुळे आधी आलेल्या अनेक पुरुषांना बायको आणता आली नाही, संसार मांडता आला नाही. फिलिपिनो मजुरांची तऱ्हा वेगळी, पण शेवट तोच. कॅलिफोर्नियात भिन्नवंशीय विवाहांवर बंदी होती, ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1948 साली रद्द केली. तोवर कित्येकांची लग्नाची वयं उलटून गेली होती. म्हणजे या म्हाताऱ्यांना मुलांनी टाकलं असं म्हणताच येत नाही. यांतल्या अनेकांना मुलं होऊच दिली गेली नव्हती! एका खोलीच्या स्वस्त हॉटेलांत ते राहत. आपल्याकडच्या गिरणगावातल्या खोल्या आठवा, साधारण तसंच. आणि तीही खोली टिकेल याची शाश्वती नसे. कर्नी रस्त्यावरच्या ‘इंटरनॅशनल हॉटेल’मधून 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे पोलिसांनी फिलिपिनो आणि चिनी वृद्ध भाडेकरूंना बाहेर काढलं. हजारो लोक साखळी करून दारात उभे होते, तरी काढलं. त्याच जागी वृद्धांसाठी परवडणारी घरं उभी राहायला 2005 साल उजाडलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की, वृद्धांची काळजी हा ‘संस्कारांचा प्रश्न’ आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. संस्कारांचा भाग त्यात आहेच. पण कुणाला कुटुंब असतं आणि कुणाला नसतं, हे कायदा, स्थलांतर आणि घरभाडं यांवरही ठरतं.

आता मूळ गोष्ट. विल्यम जी नावाचे सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातले दंतवैद्य आणि वस्तीतले काही पुढारी एकत्र आले. त्यांना हवं होतं ते आपल्यासारखंच : वस्तीसाठी एक चांगला शुश्रूषागृहवजा वृद्धाश्रम, तिकडच्या भाषेत ‘नर्सिंग होम’. अभ्यासासाठी त्यांनी मारी-लुईस आन्साक या समाजकार्य शिकलेल्या बाईंना नेमलं. बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या. त्यांनी अभ्यास करून सांगितलं की नर्सिंग होम बांधू नका. एक तर ते परवडणार नाही आणि दुसरं, ते या माणसांना मानवणार नाही.

सल्लागारानं नेमणाऱ्याला ‘तुमचा प्रश्नच चुकलाय’ असं सांगणं, आणि नेमणाऱ्यानं ते ऐकणं, या दोन्ही गोष्टी दुर्मिळ आहेत बरं का. मंडळींचा प्रश्न होता, ‘म्हाताऱ्यांना ठेवायचं कुठे?’ बाईंनी तो बदलून विचारला, ‘ते जिथं आहेत तिथं राहण्यासाठी त्यांना नेमकं काय कमी पडतंय?’

उत्तरासाठी ब्रिटनमधल्या ‘डे हॉस्पिटल’चा नमुना घेतला. सकाळी गाडी घरून न्यायला येते. केंद्रात डॉक्टर, नर्स, व्यायाम, जेवण, गप्पा, पत्ते. संध्याकाळी गाडी घरी सोडते. रात्री माणूस आपल्या उशीवर झोपतो. संस्था 1971 साली स्थापन झाली आणि केंद्र 1973 साली उघडलं. नाव ठेवलं ‘ऑन लोक’. हा आपला ‘लोक’ नव्हे. कँटोनीज भाषेत ‘ऑन’ म्हणजे शांत, स्वस्थ आणि ‘लोक’ म्हणजे आनंद. मजा अशी की चिनी बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘सुख’ या शब्दासाठी हीच दोन अक्षरं वापरलेली आढळतात. म्हणजे नावाचं दूरचं नातं आपल्याशी निघतंच!

पुढच्या काही वर्षांत घरी जाऊन करायची सेवा, घरपोच जेवण, निवासाची मदत असं एकेक जोडत गेले. पण खरी सुधारणा, माझ्या मते, तीन ठिकाणी झाली. त्या तिन्ही नीट समजावून घेऊ.

पहिली पैशाच्या रचनेत. सर्वसाधारणपणे वैद्यकीय सेवेत प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळतात. हाड मोडलं की शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. मोडू नये म्हणून न्हाणीघरात दांडी बसवली, तर त्याचे कुणी देत नाही. 1983 पासून ऑन लोकनं वेगळी पद्धत वापरून पाहिली. सरकारकडून माणशी दरमहा ठरावीक रक्कम घ्यायची, आणि त्या माणसाचं दवाखान्यापासून दाताच्या कवळीपर्यंत सगळं संस्थेनं पाहायचं. जास्त खर्च झाला तर तोटा संस्थेचा. आता हिशेब उलटा होतो. शंभरदोनशे डॉलरची दांडी हजारो डॉलरची शस्त्रक्रिया वाचवत असेल, तर दांडी बसवण्यातच शहाणपण. माणूस बरा राहण्यात संस्थेचा फायदा, अशी ही सोय आहे. प्रयोग यशस्वी झाला, दुसऱ्या शहरांत नेला गेला, आणि 1997 च्या केंद्रीय कायद्यानं तो ‘पेस’ या नावानं देशाच्या आरोग्य योजनेत कायमचा दाखल झाला. वय 55 च्या पुढे, प्रकृती नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतकी नाजूक, पण मदतीनं घरी सुरक्षित राहता येईल अशी, ही त्याची ढोबळ अट.

दुसरी सुधारणा टेबलाभोवतीची. प्रत्येक वृद्धाबद्दलचे निर्णय एक गट बसून घेतो. पेसच्या नियमांत या गटाची अकरा पदं लिहून ठेवली आहेत. डॉक्टर, नर्स, समाजकार्यकर्ता, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ वगैरे आहेतच, पण अंघोळ-कपड्यांना मदत करणारी परिचारिका आहे आणि गाडीचा ड्रायव्हरसुद्धा आहे. ड्रायव्हर कशाला? विचार करा. आजोबांचं घर रोज पाहतो कोण? परवापर्यंत जिना स्वतः उतरणारा माणूस आज भिंत धरून उतरला, हे डॉक्टरला तपासणीच्या टेबलावर कसं कळणार? दार उघडल्यावर आतून करपल्याचा वास आला, हे कुठल्या रक्ततपासणीत येतं? आम्ही ज्ञानमीमांसेत विचारतो की ज्ञानाचं प्रमाण कोणतं. इथं रोज पाहणाऱ्याचं प्रत्यक्ष हे प्रमाण म्हणून मान्य केलं, आणि तेही पगाराची उतरंड बाजूला ठेवून. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तिसरी सुधारणा वेगवेगळ्या संस्कृतींच्या एकत्र राहण्याबद्दलची. ‘आमच्याकडे सगळ्यांना एकसारखी वागणूक’ हे वाक्य आपण अभिमानानं बोलतो. पण सगळ्यांना एकसारखं वागवणं आणि सगळ्यांना सारख्याच आस्थेनं वागवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी सगळ्यांपुढे थंड दूध आणि पाव ठेवला तर ती एकसारखी वागणूक झाली. पण ज्यानं आयुष्यभर सकाळी गरम भाताची पेज आणि गरम पाणी घेतलं, त्या चिनी आजीचं ताट तसंच परत जाईल. आहाराच्या तक्त्यात उष्मांक बरोबर भरलेले असतील, फक्त ते कुणाच्या पोटात गेलेले नसतील! न्याय म्हणजे असमानांना असमान पण प्रमाणशीर वागवणं, हा ॲरिस्टॉटलचा मुद्दा पेजेच्या वाटीत असा उतरतो.

भाषेचं तर त्याहून नाजूक आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणची उरते, असं अनेकदा आढळतं. चाळीस वर्षं इंग्रजीत हॉटेल चालवलेला माणूस शेवटी फक्त आईची बोली बोलू लागतो. अशा वेळी त्याची बोली जाणणारं कुणी जवळ असणं ही चैन नव्हे. ‘दुखतंय’ हे सांगता येणं आणि न येणं, एवढा फरक त्यात आहे. म्हणून ऑन लोकसारख्या ठिकाणी वस्तीची भाषा बोलणारे कर्मचारी नेमणं हा उपचाराचाच भाग धरतात. पुढे संस्था वेगळ्या लोकवस्तीच्या भागांत गेली, खाडीपलीकडे फ्रीमाँट आणि सॅन होजेपर्यंत पोचली. तिथं पुन्हा नव्यानं विचारावं लागतं की इथली सकाळ कशी असते.

जोन ट्रॉन्टो या अमेरिकन विचारवंत बाईंनी 1993 च्या आपल्या पुस्तकात काळजीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. गरज दिसणं, जबाबदारी घेणं, प्रत्यक्ष काम करणं, आणि चौथी म्हणजे ज्याची काळजी घेतली त्याच्याकडून ती पोचली की नाही हे समजून घेणं. आपण बहुधा तिसरीवर थांबतो. ‘एवढं सगळं करतो, तरी आई खूश नाही’ ही घरोघरची तक्रार चौथी पायरी राहून गेल्याची असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे जाहिरातीचं भाषण होईल. ठरावीक रकमेच्या पद्धतीत कमी सेवा देऊन पैसे वाचवण्याचा मोह असतो. म्हणून तर ठरावीक काळानं फेरतपासणी, दाद मागण्याचा हक्क, असे नियम लागतात. पेसमध्ये येताना बहुधा आपला जुना डॉक्टर सोडावा लागतो, आणि तीस वर्षांचा डॉक्टर सोडणं म्हाताऱ्या माणसाला सोपं नसतं. गरिबांचा खर्च सरकार उचलतं, पण गरीब म्हणून नोंद न होणाऱ्या मध्यमवर्गाला मोठी रक्कम स्वतः भरावी लागते. आणि मुळात ना-नफा संस्थांसाठी आखलेली ही योजना 2015 पासून नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांनाही खुली झाली. काळजीतून वाचलेला पैसा काळजीतच परत जाणार की भागधारकांकडे, हा प्रश्न तेव्हापासून उघडा आहे.

आपल्याकडे काय? 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे 10.4 कोटी लोक होते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. ज्याला छप्परच नाही त्याच्यासाठी हे हवंच. पण कायद्याची कल्पनाशक्ती इमारतीपाशी थांबते, खाटा मोजते. बाकीच्यांचं काय? आपल्या शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, बागेतले कट्टे आहेत. चांगलंच आहे. पण तिथं येतो तो चालता येणारा. ज्या दिवशी जिना उतरता येईनासा होतो, त्या दिवसापासून माणूस कट्ट्यावरून गळतो. आठवडाभर चौकशी होते, मग दुसरं कुणीतरी त्या जागी बसतं. माझं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा हा माझ्यासाठी नुसता तात्त्विक प्रश्न नाही. ऑन लोकचं काम नेमकं या गळालेल्या माणसापासून सुरू होतं.

तिकडची पैशाची व्यवस्था आपल्याकडे नाही, ती उचलून आणता येणार नाही. पण प्रश्न आणता येतात. विरंगुळा केंद्राला एक गाडी आणि हात देणारा एक माणूस जोडता येईल का? आजींबद्दल ठरवताना मुलगा आणि डॉक्टर यांच्याबरोबर पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही विचारायचं का? त्या रोज पाहतात की कालची पोळी डब्यात तशीच आहे. आपल्या वृद्धाश्रमांत मासे खाणारा कोकणी माणूस, कांदा-लसूण न खाणाऱ्या जैन आजी आणि रोजे ठेवणारे चाचा एका छपराखाली आले, तर स्वयंपाकघर कसं चालवायचं? ‘इथं असंच जेवण मिळतं’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

सुधारणा म्हणजे नवी फरशी, नवा रंग आणि देणगीदारांची पाटी, असं आपण समजतो. मी एक साधी कसोटी सुचवतो. तिथं राहणाऱ्या माणसाला ‘आज’ या दिवसाबद्दल किती गोष्टी स्वतः ठरवता येतात, आणि त्याचं म्हणणं ऐकायला त्याच्या भाषेत कुणी आहे का? फरशी पुसलेली असावीच, पण आधी हे दोन प्रश्न विचारा. पुढच्या वेळी कुठल्या वृद्धाश्रमात फळं वाटायला गेलात, तर फळं देण्यापूर्वी तेवढं विचारून पाहा.

इथं थांबतो. आता तुम्ही बोला, मी ऐकतो.