सोड्यांचा रंग

माघ सरत आला की अर्नाळ्यात पहाटे शाल लागते आणि दुपारी रेतीवर अनवाणी चालवत नाही. बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात हा बदल नेलपेंटच्या ट्रेवर दिसतो. लग्नसराईभर पुढे मिरवलेले मरून, वाईन, कॉफी मागच्या रांगेत गेले होते. होळी तोंडावर, तेव्हा गुलाबी, पीच, अबोली पुढे.

शेजारच्या स्टुलावर मासे विकणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. डाव्या करंगळीवर मरून अजून शाबूत, पण बुडाशी दोनेक मिलिमीटरची कोरी चंद्रकोर. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. ‘‘वीस दिवस झाले का लावून?’’ मी विचारलं. ‘‘पुतण्याची हळद होती,’’ म्हणत त्यांनी बोटांवर मोजलं आणि हसल्या. उजव्या अंगठ्यावर मात्र रंगाचा ठिपकाही नव्हता. कोलंबीचं साल त्याच नखाने उचकटायचं, मग तिथे रंग टिकेल कसा?

दुकानातल्या ताईंनी बाटली दोन तळव्यांमध्ये रवीसारखी घुसळली. जोरात हलवली तर बुडबुडे धरतात. आतल्या बारीक पोलादी गोळ्या खुळखुळल्या, तळाशी बसलेला रंग वर आला. एकेका बोटावर एकेक छटा लावून मावशी दाराबाहेर उन्हात गेल्या. ट्यूबलाइटखाली गोड वाटलेला फिका जांभळा उन्हात खडू फासल्यासारखा दिसला. ‘‘बोट गार पडल्यागत वाटतं,’’ मावशींनी निकाल दिला.

मला तो पटला. वसंतात फिके रंग लावा हा सल्ला बर्फ वितळणाऱ्या मुलखांतून आलेला. आपल्याकडे थंडी सरते तेव्हा पांगारा, काटेसावर लाल होतात, पळस पेटतो. आपला वसंत फिका कुठे असतो? शिवाय फिका रंग लावायलाही कटकटीचा. पहिल्या हाताला पट्टे उमटतात, मग दोन-तीन पातळ हात द्यायचे आणि दर वेळी थांबायचं. नेलपेंट वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जातं. समुद्राच्या वाऱ्यावर बोटं धरली की वर चटकन साय धरते, खालचा थर ओलाच राहतो. पदराला हात लागला की सुरकुती. अशा सुरकुत्या मी घरी नेलेल्या आहेत.

गडद रंगाचं दुखणं वेगळं. मरूनचा टवका उडाला की परातीपलीकडच्या गिऱ्हाइकालाही दिसतो.

‘‘सोड्यांचा द्या,’’ मावशी म्हणाल्या. ताईंनी काही न विचारता पीच आणि केशरीच्या मधली एक बाटली काढली. झाकणावर नाव काहीतरी इंग्रजी होतं, रंग मात्र थेट वाळलेल्या सोललेल्या कोलंबीचा. सावळ्या बोटावर टवका उडाला तरी पटकन कळत नाही, आणि होळीला अंगावर सोनं चढतं, त्यालाही तो शोभतो.

चाचणीचे रंग पुसून ताईंनी लावायला घेतलं. नऊ बोटं झाली. उजवा अंगठा मावशींनी मुठीत मिटून घेतला.

‘‘हा राहू दे. उद्या पहाटे कोलंबी सोलायची आहे. होळीच्या दुपारी घरीच लावीन.’’

पैसे मोजायला हात मोकळा नव्हता. ‘‘कनवटीचे तूच काढ गो,’’ त्या ताईंना म्हणाल्या. बाटली पिशवीत टाकून घेतली, पिशवी कोपरात अडकवली आणि नऊ बोटं वाऱ्यावर पसरून त्या किनाऱ्याच्या वाटेला लागल्या.