दहा राग आणि तीन यंत्रं

2002 साली दिल्लीतल्या एका दुकानात एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती एक जुनी एलपी लागली. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांचं त्याला वेड होतं, पण ही चित्रपटाची नव्हती. वादक चरणजित सिंग, कंपनी एचएमव्ही, साल 1982. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

सुई टेकली आणि भैरव सुरू झाला. सूर ओळखीचे, पण खाली अखंड फिरणारा, वळवळता, ओलसर बास. हा आवाज 1987 मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने 'ॲसिड ट्रॅक्स'मधून जगापुढे आणला आणि त्यातून ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं राहिलं, असंच सगळे मानत होते. इथे तोच आवाज पाच वर्षं आधी, मुंबईत!

2010 मध्ये बाउमनने आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती तबकडी पुन्हा काढली. लोक चकित झाले, आणि लगेच संशयही आला. हे बनावट असणार. एफेक्स ट्विनसारख्या कुणा इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने खोटं नाव आणि जुनं साल चिकटवून केलेली गंमत असणार. असा कुणी चरणजित सिंग नसेलच.

तो होता. मुंबईतच राहत होता. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत त्याने गिटार आणि कीबोर्ड वाजवले होते. आपण ती गाणी जन्मभर ऐकली, वादकाचं नाव मात्र कधी विचारलं नाही.

सिंगापूरहून त्याने रोलंड कंपनीची यंत्रं आणली होती. ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 ही बासची छोटी पेटी. तो वळवळता बास हिचाच. ही पेटी एकट्या गिटारवाल्याला साथ करायला बनवलेली. तिच्यात सूर भरणं इतकं किचकट की ती खपलीच नाही. 1984 पर्यंत कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. पुढे जुन्या बाजारात ती स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोच्या पोरांच्या हाती गेली.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. या पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात, आणि मींडेवाचून राग उभा राहत नाही. हार्मोनियमला जे साधत नाही, ते या यंत्राला थोडंफार साधत होतं. रागाचा कान असलेल्या माणसाने ते हेरलं. 1982 मध्ये चित्रपटांत सगळीकडे डिस्को होता. त्याने ठरवलं, तबला बाजूला ठेवायचा, ठेका डिस्कोचा घ्यायचा आणि वर राग वाजवायचे. ललित, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, मालकंस. असे दहा. तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

'ॲसिड हाउसचा जनक' ही त्याला नंतर मिळालेली पदवी मला त्या बनावटपणाच्या अफवेइतकीच खोटी वाटते. शिकागोत कुणी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. एका कथेने माणूसच नाहीसा केला, दुसरीने त्याला शिकागोच्या इतिहासाची तळटीप केलं. त्याचं काम भैरव-मालकंसाच्या घरातलं आहे, ते तिथेच मोजलं पाहिजे.

सत्तरी ओलांडल्यावर युरोपातल्या मंचांवर त्याने हेच राग वाजवले. तरुण पोरं त्यावर नाचली. जुलै 2015 मध्ये मुंबईत तो गेला.

आमच्या दिवा गावात आगरी हळदीच्या मांडवात रात्रभर ऑक्टोपॅड हे तालयंत्र घुमतं. तेही मुळात रोलंडचंच. वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत नसतं, आणि सकाळी कुणाला आठवतही नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुन्या चाळी पडताहेत, माळे रिकामे होताहेत. तुमच्या घरी एलपींचा गठ्ठा असेल तर भंगारात देण्याआधी प्रत्येक वेष्टण उलटून पाहा. मागे बारीक अक्षरांत वादकांची नावं असली, तर ती वहीत उतरवून घ्या आणि त्यांच्यातलं कुणी हयात असेल तर भेटायला जा.