मुंगीच्या बिळावर नजर

कोकण रेल्वेने गोव्याला निघालेल्या माणसाला मडुरे स्टेशन मागे पडले की पेडण्याचा बोगदा लागतो. लांबी दीड किलोमीटरहून थोडी जास्त. गाडी मिनिट-दोन मिनिटांत पलीकडे जाते. डब्यातली पोरे हौसेने ओरडून घेतात, मोबाईलवर बोलणाऱ्याचे वाक्य अर्ध्यावर तुटते आणि उजेड आला की पेडणे! या एवढ्याशा अंधारासाठी माणसे सहा वर्षे खपली होती, हे आज किती जणांना आठवते?

कोकण रेल्वे महामंडळ 1990 साली स्थापन झाले. ई. श्रीधरन त्याचे प्रमुख होते. सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, 90 हून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून सुमारे 2,000 पूल, आणि हे सारे पाच वर्षांत पुरे करायचे होते. सह्याद्रीचा काळा कातळ फोडणे कठीण खरेच. पण खरी परीक्षा पाहिली ती मऊ मातीने. या मार्गावरचे नऊ बोगदे अशा मातीतून गेले आहेत. वर जांभ्याचा सडा आणि पोटात पाण्याने भिजून लोण्यासारखी झालेली माती. तिथे यंत्र चालत नव्हते. हातानेच माती काढायची, आधार द्यायचा, पुढे सरकायचे. आणि खणलेला भाग कोसळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या मऊ मातीच्या बोगद्यांनीच 19 जणांचे बळी घेतले. संपूर्ण मार्ग बांधताना 74 जण गेले.

त्यात पेडण्याच्या बोगद्याने सर्वात जास्त छळले. सावंतवाडीपर्यंत गाडी आली, तिकडे गोव्यातही रूळ तयार झाले. मध्ये हा एक डोंगर वाट अडवून बसला होता. अखेर जानेवारी 1998 मध्ये तो पार झाला आणि 26 जानेवारी 1998 पासून मुंबई ते मंगळूर सलग गाडी धावू लागली.

पण बोगदा बांधून झाला म्हणजे काम संपले का? 6 ऑगस्ट 2020 च्या पहाटे, धो धो पावसात, याच बोगद्याच्या भिंतीचा सुमारे पाच मीटरचा भाग कोसळला. गाड्या पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घेऊन मडगावला न्याव्या लागल्या. पुढे जुलै 2024 मध्ये बोगद्यात रुळांखालून पाणी आणि चिखल वर येऊ लागला. दुरुस्ती करून गाड्या सोडल्या, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. सहा वर्षे ज्या पाण्याशी माणसांनी झुंज दिली, ते पाणी अजून डोंगराच्या पोटात आहेच. ते आपली वेळ पाहत बसते.

बाय ग्वेइची फेरी

मला या बोगद्यामुळे एक फार जुनी चिनी गोष्ट आठवते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात चीनमध्ये हान फेइ नावाचा विचारवंत होऊन गेला. कोणतेही मोठे संकट एकाएकी येत नाही, आधी ते लहानच असते, आणि लहान असते तेव्हाच ते सहज आवरता येते, हे लाओत्सेचे म्हणणे त्याला समजावून सांगायचे होते. त्यासाठी त्याने मुंगीचे उदाहरण घेतले. मैलोन् मैल लांब मातीचा बंधारा मुंगीच्या बिळापासून फुटायला लागतो आणि मोठा वाडा धुरांड्याच्या फटीतून उडालेल्या ठिणगीने पेटतो, असे तो सांगतो. पुढे दोन माणसे येतात. बाय ग्वेइ नावाचा अधिकारी बंधाऱ्यावरून चालत जाई आणि दिसेल ते बीळ बुजवी. दुसरा एक म्हातारा आपल्या घराच्या धुरांड्याच्या फटी लिंपीत असे. म्हणून बाय ग्वेइच्या वाट्याला पूर आला नाही आणि म्हाताऱ्याच्या घराला आग लागली नाही. गोष्ट संपली!

या गोष्टीत पराक्रम नाही, युद्ध नाही, राजकन्या तर नाहीच. काही घडलेच नाही, हीच ती गोष्ट. तरी चिनी लोकांनी ती दोन हजार वर्षांहून अधिक काळ जपली, कारण मातीच्या बंधाऱ्यांच्या आधाराने मोठमोठ्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांना तिची किंमत कळत होती.

लाओत्सेच्याच नावावर असलेला आणखी एक विचार असा की, माणसांची कामे बहुधा पुरी होत आलेली असतानाच बिघडतात; म्हणून शेवटीही सुरुवातीइतकेच जपावे. आपल्याकडे 'सावधान' हा शब्द कानावर मोठ्याने पडतो तो लग्नाच्या मांडवात. तिथेही तो ऐकून सावध झाले ते एकटे रामदास, अशी कथा आहे. बाकी सगळे अक्षता टाकून पंगतीकडे वळतात.

कुर्लेक रजा नसता

बंधारा आणि बीळ ही गोष्ट पेडण्याच्या माणसाला मात्र चीनमधून आणून सांगायला नको. तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या काठची खाजने त्याने पाहिलेली असतात. भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही शेती. खारे पाणी बाहेर थोपवून धरतो तो मातीचा बांध. बांधात मानस असते. भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने तिची लाकडी दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन असल्याचे सांगतात. खारटपणा सोसणारे कोरगुटासारखे भात याच जमिनीत होते.

इथे मुंगीच्या जागी कुर्ली आहे. कुर्ली बांधात बीळ करते. बोटभर बिळातून भरतीचे पाणी आत येते, माती घेऊन जाते, आणि दोन-चार भरत्यांत बोटभराचे हातभर होते. एका रात्री बांध फुटला की उभे पीक जातेच, शिवाय जमिनीत बसलेले मीठ धुऊन जायला पुढचे काही पावसाळे लागतात. माझ्या आत्याचे सासर पेडणे तालुक्यातले. तिचे यजमान, आमचे काका, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या आधी खांद्यावर कुदळ टाकून बांधावर जायचेच, मग घरी पाहुणे असोत की चतुर्थीची गडबड असो. आत्या कधी कुरकुरली तर म्हणत, "कुर्लेक रजा नसता, मगे माका खंयची?" काकांना हान फेइ ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण बाय ग्वेइ त्यांना भेटला असता तर दोघांची गप्पांची बैठक चांगली रंगली असती!

बांधाची राखण पूर्वी गावकारी संस्था म्हणजे कोमुनिदाद पाहत असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर हे काम कुळांच्या संघटनांकडे आले. काही गावांत ते नीट चालले, काही ठिकाणी बांध कोणाचाच राहिला नाही. भातापेक्षा मानशीच्या मासळीच्या लिलावात पैसा अधिक दिसू लागला, तेव्हा काही ठिकाणी खारे पाणी मुद्दामच जास्त वेळ आत घेतले जाऊ लागले. एकाचा फायदा, शेजारच्याचे शेत खारट!

इथे त्या बाय ग्वेइचीच दुसरी बाजू सांगायला हवी. मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात तो बढाई मारताना दिसतो, की पाणी आवरण्यात मी प्राचीन काळच्या यू राजापेक्षाही सरस आहे. मेन्सियस त्याला तिथेच झापतो. यू राजाने पाणी समुद्राकडे नेले. तू ते शेजारच्या राज्यांत ढकललेस, ही कसली हुशारी? आपल्या हद्दीतली बिळे बुजवली आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडले तर त्याला दक्षता म्हणत नाहीत. सरहद्दीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा जास्तच कळायला हवे. नदी, बोगदा, कालवा यांपैकी कोणीच राज्याची पाटी वाचत नाही.

रुळांवरची गस्त

आता पुन्हा रेल्वेकडे येऊ. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे कारवारहून मुंबईकडे निघालेली गाडी घसरली आणि 50 हून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, 16 जून 2004 ला, महाडजवळ आंबवलीच्या पुलावर मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला. त्यानंतर कोकण रेल्वेने डोंगरउतार कमी केले, दरडींवर जाळ्या ठोकल्या आणि पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक कसोशीने पाळायला सुरुवात केली. बरीच वर्षे ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असे असे. 2025 साली 15 जून ते 20 ऑक्टोबर झाले. जोराच्या पावसात पुढचे नीट दिसत नसेल तर गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा दंडक आहे. पानवलच्या उंच पुलावर, मांडवी, जुवारी आणि शरावतीच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत.

आणि यंत्रांच्या जोडीला शेकडो माणसे आहेत. भर पावसात, रात्री, हातात दिवा आणि पिशवीत फटाके घेऊन रूळ तपासत चालणारी. फटाके कशाला, असे कोणी विचारील. समोर दरड दिसली तर गस्तवाल्याने गाडीच्या दिशेने धावत जायचे आणि रुळावर फटाके लावायचे. चाक त्यावरून गेले की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. दोन गस्तवाले आपापल्या हद्दीच्या टोकाला भेटतात आणि वह्यांची अदलाबदल करतात. खरोखर चालत आल्याची हीच खूण. ठरल्या वेळी गस्तवाला स्टेशनात पोचला नाही, तर स्टेशनमास्तरने तोही धोक्याचा इशारा समजून गाडीला सावध करायचे असते. कोणी आले नाही म्हणजे सगळे ठीक असेल, असे गृहीत धरायचे नाही! मला या नियमाचे फार अप्रूप वाटते. आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, ग्रामपंचायतींत निरोप आला नाही की आपण निर्धास्त होतो. इथे निरोप न येणे हाच निरोप मानला जातो.

पंगतीला कोण?

चिनी इतिहासग्रंथांत आणखी एक बोधकथा आहे. एका घरी पाहुणा आला. त्याने पाहिले, चुलीचे धुरांडे सरळ आहे आणि शेजारीच लाकडांचा ढीग. तो म्हणाला, धुरांडे वळवून घ्या आणि लाकडे दूर न्या, नाही तर आग लागेल. यजमान गप्प बसला. थोड्याच दिवसांत आग लागली. शेजारीपाजारी धावले, आग विझली. यजमानाने बैल कापून जेवण घातले. आगीत केस-कातडी होरपळलेल्यांना मानाच्या जागी बसवले आणि बाकीच्यांना त्यांच्या कामाप्रमाणे. आधी सांगणाऱ्या पाहुण्याला मात्र कोणी बोलावलेच नाही. शेवटी एकाने विचारले, त्याचे ऐकले असते तर ना आग लागली असती, ना या जेवणाचा खर्च आला असता. मग तो कुठे आहे? तेव्हा कुठे यजमानाचे डोळे उघडले.

वाचकहो, आपलीही पंगत अशीच बसते. 3 मे 2025 च्या पहाटे डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सहा भाविक गेले. चौकशी समिती बसली, भरपाई जाहीर झाली, धावून गेलेल्यांचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे. पण आपल्या गावच्या जत्रेत उताराची अरुंद वाट कुठली, तिथे दोर कधी बांधायचा, दुकाने किती मागे घ्यायची, हे आधी सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो? 'अपशकुनी बोलू नकोस!' म्हणतो ना?

घरातही तेच. निजण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद आहे ना, हे पाहायला उठणाऱ्या आईला मुले हसतात. मे महिन्यात कौले चाळून घ्या म्हणणारे आजोबा 'मागेच लागतात'. पावसाळ्यात गाडी चाळीसच्या वेगाने निघाली की डब्यात रेल्वेच्या नावाने बोटे मोडणे सुरू होते. काही न घडण्यासाठी जे झिजतात, त्यांच्या कामाचा पुरावाच उरत नाही. म्हणून त्यांचे आभार मानायचे राहतात, आणि हळूहळू ती माणसे कमी होत जातात. आमचे काका गेल्यावर त्यांच्या वाट्याच्या बांधावर कोणी जायचे, हे ठरायला दोन वर्षे लागली. मधल्या काळात एक शेत पडीक झाले.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मे महिन्यात ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक साधा प्रश्न दरवर्षी असावा: बांध, मानस, ओहोळाचा पूल, शाळेचे छप्पर हे शेवटचे कोणी पाहिले, आणि कोणत्या तारखेला? उत्तरात माणसाचे नाव हवे, 'पाहिले आहे' एवढे पुरणार नाही. जो पाहून आला असेल त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे आणि नारळ द्यायचा तर त्याला द्यावा. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी बहुधा कोणी तरी कुदळ घेऊन आधीच बांधावर जाऊन आलेला असेल.