आपला आवाज, आपला सर्व्हर. पण ब्राउझर कोणाचा?

आज आंबेडकरी चळवळीचा मोठा संवाद फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर चालतो. तिथे खाते बंद झाले, की वर्षानुवर्षांचे लेखन आणि जोडलेली माणसे एका क्षणात तुटतात. कारण लेखन आपले असले तरी जागा कंपनीची असते.

२०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले. त्याच सुमारास निळी टिक देताना जातीय भेदभाव होतो, असा आरोप बहुजन कार्यकर्त्यांनी केला. तेव्हा अनेक भारतीय ‘मॅस्टोडॉन’कडे वळले. ती लाट टिकली नाही. असे का होते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

विकेंद्रित म्हणजे काय?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉनला एकच मालक नाही. कोणतीही संस्था आपला सर्व्हर चालवू शकते. हे सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या समान नियमांनी एकमेकांशी बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. जीमेलवरून याहूला मेल जातो, तसेच हे आहे.

गाडी कुठे अडते?

समजा, नागपूरच्या एखाद्या संस्थेचे खाते एका सर्व्हरवर आहे आणि आपले दुसऱ्या. तिची लिंक उघडली, की आपण तिच्या सर्व्हरवर पोहोचतो. तिथे आपले लॉगिन नसते. मग आपल्या सर्व्हरचे नाव टाइप करा, किंवा पत्ता कॉपी करून आपल्याकडे शोधा. नवा माणूस इथेच कंटाळतो.

ब्राउझर काय करू शकतो?

ईमेल पत्त्यावर क्लिक केले, की आपण निवडलेली मेलसेवा उघडते. तसाच ब्राउझरने आपला ‘घरचा’ सर्व्हर लक्षात ठेवावा आणि फॉलोचे बटण थेट तिथे न्यावे. विशिष्ट प्रकारच्या लिंक ठरावीक वेबसाइटकडे सोपवण्याची सोय संगणकावरच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आधीच आहे. मोबाइलवरच्या क्रोममध्ये ती नाही, आणि आपले बहुतेक तरुण मोबाइलवरच आहेत. विवाल्डी या ब्राउझरने २०२२ मध्ये स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू करून तो ब्राउझरच्या बाजूच्या पट्टीतच दिला. म्हणजे इच्छा असेल तर ब्राउझर हात देऊ शकतो.

अर्थात सर्व्हर चालवणाराही मनमानी करू शकतो. मॅस्टोडॉनवर फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते. जुन्या पोस्ट मात्र सोबत येत नाहीत. तीही सोय मागितली पाहिजे.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, कारण इतरांच्या पत्रांत आपल्या प्रश्नांना जागा नव्हती. आज पत्र काढणे सोपे झाले आहे. ते वाचकाच्या हाती पोहोचवणारी वाट ब्राउझरच्या हातात आहे. फायरफॉक्स आणि क्रोमियमचे काम खुलेपणाने चालते, तिथे कोणीही सूचना नोंदवू शकतो. संगणक क्षेत्रातील आपल्या तरुणांनी ही मागणी तिथे नोंदवावी, आणि आपल्या संस्थांनी एक खाते स्वतंत्र सर्व्हरवरही उघडावे.

जय भीम!